पोचा पडलेली वाटी

उंब्रज, मंगळवार, दिवेलागण

आज धातू शोधायचं मशीन घेऊन सखूआत्याच्या रानात गेलो होतो. तिचा थोरला तान्हा असताना भांगलणीत, तण काढताना, तिचं मंगळसूत्रातलं डोरलं पडलं. सासू मरेपर्यंत म्हणत राहिली, माहेरी दिलंस. आत्या अजूनही खुरपं हातात आलं की माती चाळून बघते.

"एका वाटीला पोचा हाय बघ, थोरल्यानं दात येताना चावल्याला," तिनं आधीच सांगितलं होतं.

बांधाजवळ मशीनच्या हेडफोनमधून कानात सोन्याचा तो दबका, मऊ आवाज आला. उकरलं. सोन्याच्या दोन वाट्या, एकीला पोचा. आणि मी मूठ मिटली.

"काय घावलं रं?"

"बाटलीचं झाकण, आत्या."

का म्हणालो असं? भंगाराच्या धंद्यात वर आलो ते याच सवयीवर. चांगला माल दिसला की आधी त्याला कचरा म्हणायचं. जीभ आपोआप वळली. पण नंतर हसून मूठ उघडता आली असती. नाही उघडली.

"असू दे बाबा. तुझ्या कानाला न्हाई घावलं म्हंजी न्हाईच. सुटले मी आता." वर ओटीतल्या शेंगा दिल्या, उन्हात दमलास म्हणून.

शेंगा तशाच पडल्यात. पोच्यावरून बोट फिरवतोय. केवढासा तो दात!

सकाळी जाऊन काय सांगू? "आत्या, परत मशीन फिरवलं तवा घावलं." मोठ्यानं म्हणून पाहिलं. माझ्याच कानाला खोटं लागलं.

मग म्हणालो, "आत्या, मी चोरलं हुतं."

हे खणखणीत वाजलं.