मार्लाची चार वर्षं

कर्जमाफी खात्याच्या बाई,

माझी नात मार्ला गुरांची डॉक्टर आहे. कॅन्ससमधल्या आमच्या खेड्यात चार वर्षं राहिली तर तिचं शिक्षणाचं कर्ज माफ, असं तुम्ही कबूल केलंत. ती वर्षं संपली. आता ती डेन्व्हर शहरात राहायला निघाली आहे; काल तिने सामानासाठी खोकी आणली.

"आजोबा, सुटले एकदाची!"

"आणि माझ्या गाभण गाई?"

"त्यांनाही डेन्व्हरला पाठवा माझ्यामागे!"

ही कसली माफी, बाई? माणूस आणायचं, लळा लावायचा आणि सोडून द्यायचं! तिला पुन्हा कर्जात अडकवणारी एखादी योजना नाही का?

वैतागलेला,
ऑर्विल डाइन्स

ता. क. पोस्टमनने हे न्यावं म्हणून टपालपेटीची लाल झेंडी उभी केली होती. एवढ्यात आतून मार्लाचं गाणं ऐकू आलं. चार वर्षांत ती इथे कधी गायली नव्हती. झेंडी पाडून पत्र परत आणलं.