ओव्हरक्लॉकचा कौल

२ नोव्हेंबर, रविवार

आज पुन्हा विमान अडकलं! मिरजोळ्याच्या विमानतळावरून उडालो, भाट्याच्या खाडीपर्यंत सगळं ठीक, आणि पावसच्या वर आल्यावर चित्र थिजलं. उर्वी पुढे निघून गेली. मग मागे फिरून मला शोधायला आली — दोनदा. टाइप केलं, "आजोबा, कुठे आहात?" मी इथेच आहे गं, माझा कॉम्प्युटर कुठे आहे ते मला माहीत नाही.

रविवारी पाच ते सहा. ती जर्मनीतून, मी रत्नागिरीतून, दोघं मिळून खेळातली विमानं उडवतो. खाली आपलाच किनारा, खाड्या, डोंगर. आठवडाभर मी या तासाची वाट बघतो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय! मालन गेल्यापासून घरात बोलायला माणूस नाही. गंधारशी फोन होतो, पण तो कसा? "गोळ्या घेता ना?" "घेतो." "बरं, ठेवतो." मुलगाच तो, पण आम्हा दोघांनाही पुढचं सुचत नाही. नातीचं तसं नाही. आज विचारत होती, आजीला होडीत बसायची भीती का वाटायची.

आवाजाची सोय खेळात आहे, पण ती चालू केली की माझं मशीन मान टाकतं. म्हणून सगळं टाइप करून. पोरीचं मराठी हल्ली खूप सुधारलंय. आधी "मी गेला, मी आला" चालायचं. आणि खाड्या कशा ओळखते! एकदाच आली होती इथे. रक्तातच असावं लागतं.

पण अकरा वर्षांची मुलगी. म्हाताऱ्यासाठी किती रविवार मागे फिरेल? एकदा कंटाळली की संपलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

उन्मेषच्या दुकानात गेलो. माझा विद्यार्थी, आता कॉम्प्युटर विकतो. म्हणाला, सर, नवीन घ्या. मी साफ नाही म्हटलं. हा कॉम्प्युटर गंधारने जर्मनीला जायच्या आधी स्वतः जोडला, जेवणाच्या टेबलावर एकेक भाग मांडून. मालन ओरडत होती की पानं कुठे घेऊ. तो बदलायचा नाही. याच्यापुढे मला कारण देता येत नाही.

मग उन्मेष जरा दबकत म्हणाला, ओव्हरक्लॉक करून बघता येईल. म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलाय त्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा. नवीन काही घ्यावं लागत नाही, सेटिंगमध्ये आकडा वाढवायचा. पण तापतो. फार तापला तर जातो, जाताना बोर्डही घेऊन जातो. त्यात इथली खारी हवा, विजेचा लपंडाव. मी विचारलं, मग करू की नको? म्हणे, "सर, मी करा पण म्हणणार नाही आणि नको पण म्हणणार नाही." याला मी भौतिकशास्त्र शिकवलं!

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर व्हिडिओ. एकजण म्हणतो पोरखेळ आहे. दुसरा जळलेला बोर्ड दाखवतो. तिसरा एवढ्या वेगाने बोलतो की त्यालाच कोणीतरी ओव्हरक्लॉक केलं असावं. प्रोसेसरआधी माझं डोकं तापलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गंधारला फोन केला. वाटलं, खूश होईल, निदान आज विषय तरी आहे. कॉलेजात असताना यानेच याच मशीनवर हे उद्योग केले होते. तर म्हणाला, "कशाला, बाबा? हळू आहे तर असू दे." मी म्हटलं, उर्वीशी बोलता येईल, आवाज चालू करता येईल. मग म्हणे, उगाच जळेल. मग म्हणे, मीटिंग आहे.

गंधार आणि सावधगिरी! काही कळत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

उर्वीला सांगितलं. लिहिलं, थोडं थांब, आजोबांचं मशीन पळायला लागलं की आपण बोलत बोलत उडू. तिच्या विमानाने एक घिरटी घातली. मग — "नको आजोबा. असंच छान आहे."

अकरा वर्षांची मुलगी वेग नको म्हणते? की माझ्याशी बोलायलाच नको? लिहिताना लाज वाटत नसेल, बोलताना वाटत असेल. माझं बोलणं म्हणजे वर्गात शिकवल्यासारखं, मालनही म्हणायची. की खरंच मशीनची काळजी? रात्री भात गेला नाही. एका वाक्यावर माणसाने एवढा विचार करू नये, पण करतोय.

१० नोव्हेंबर, सोमवार

करायचं नाही. ठरलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ठरलं कसलं! आज हवामानाचा नकाशा उघडायलाही दहा मिनिटं. थोरल्या बहिणीचा, कमलाताईचा, पूर्णगडहून फोन आला, तिच्यापुढे सगळं बोललो. प्रोसेसर म्हणजे काय ते सांगितलं, वेग, तापमान, उर्वी, गंधार, सगळं. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परशा, मेल्या, मग देवीला कौल लाव ना. एवढं कशाला झुरतोस!"

मी आयुष्यभर मुलांना प्रयोग करून बघा म्हणून सांगितलं. मी कौल लावू? एका यंत्राच्या सेटिंगसाठी? हसलो आणि फोन ठेवला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ताईने मला न विचारता लावलासुद्धा! गुरवाने देवीला कळ्या चिकटवल्या, ताईने हात जोडले, आणि उजवीकडची कळी पडली. उजवा कौल म्हणजे हो. दुपारी फोनवर आवाजात नुसता विजय.

मी विचारलं, नेमकं काय विचारलंस? तर म्हणे, "देवीला तुझी मशीनं कशाला सांगू? मी म्हटलं, आमच्या परशाला त्याच्या माणसांशी बोलायचंय, त्यासाठी मनात आहे ते करू दे काय?"

प्रश्नच चुकीचा! मला प्रोसेसर टिकेल का ते विचारायचं होतं. माणसांचा प्रश्न वेगळा, यंत्राचा वेगळा. वर्गात असतं तर शून्य दिलं असतं. ताई म्हणाली, उजवा तो उजवा, आता मागे फिरलास तर देवीचा अपमान.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. कोणीतरी हो म्हणालं एकदाचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी उन्मेष येऊन पंखा साफ करून गेला. गरुडाच्या घरट्याएवढा कचरा निघाला. म्हणाला, सर, एकेक पायरी वाढवा, दर वेळी तपासा. पहिली पायरी, ठीक. दुसरी, ठीक. मग मला काय झालं कोण जाणे, उद्या रविवार आहे म्हणून चार पायऱ्या एकदम चढलो.

पडदा काळा. एक लांब शिट्टी, आणि काही नाही. बटण दाबून दाबून अंगठा दुखला. गंधारचं मशीन मी मारलं. उन्मेष कालवांच्या जेवणाला देवरूखला गेलाय म्हणे — देवरूखला कसली कालवं, तिथे समुद्र कुठाय! — सोमवारशिवाय येत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाच वाजले. सहाही वाजले. बंद पडद्यासमोर बसून होतो. फोनवरून उर्वीला निरोप पाठवला, मशीन बिघडलं. उत्तर लगेच आलं, गंधारच्या फोनवरून — "बाबा, काय झालं? कसं बिघडलं?" कितीतरी वर्षांनी त्याने दोन प्रश्न एकदम विचारले. फोन उपडा ठेवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जिवंत आहे! उन्मेषने आतला बटणासारखा गोल सेल काढला, जरा थांबून परत बसवला, आणि मशीन जागं झालं, जुन्या वेगाने. सगळं विसरून. मी खुर्चीतच बसलो. उन्मेषने पाणी आणून दिलं. म्हणाला, सर, आता पुरे. मी मान हलवली. मान हलवण्याचा अर्थ त्याने काय घेतला, माहीत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

केलं. या वेळी दोनच पायऱ्या, तिथेच थांबलो. दिवसभर चाचणी चालू ठेवली, तापमान हद्दीत. आवाज चालू करून एकट्यानेच जयगडपर्यंत जाऊन आलो. कुठेही अडकलं नाही. शहाणपणा की मूर्खपणा, अजूनही सांगता येणार नाही. नको म्हणणाऱ्या पोरीला आवाज लावायला सांगायचं म्हणजे तिच्यावर जुलूम होईल का? की एकदा ऐकलं की आवडेल? रविवारी कळेल. भीती वाटते.

२३ नोव्हेंबर, रविवार

पाचला आवाज चालू केला. लिहिलं, उर्वी, बोल, आता ऐकू येतंय. पावस मागे पडलं. मग आवाज आला. गंधारचा.

"बाबा, मीच आहे. उर्वीने गणपतीनंतर खेळणं सोडलं. तुम्ही वाट बघत बसाल म्हणून एक रविवार मी बसलो. मग मलाच सोडवेना."

समोर किनारा नीट चालला होता. मी विचारलं, "आज जाणार आहेस का उठून?"

"नाही."

म्हटलं, चल मग, नाटे गावापर्यंत जाऊन येऊ.