मुद्दाम हरलेली फायनल

३ डिसेंबर, बुधवार
आज माझ्यावर बॅन लागला. एक वर्ष. कळंबात शब्बीरभाईंच्या स्नूकर हॉलच्या दारावर कागद डकवलाय: युवराज याने फायनल मुद्दाम सोडल्याबद्दल तेरणा स्नूकर मंडळातर्फे बंदी. खाली शब्बीरभाईंची सही आणि मंडळाचे अध्यक्ष, मुरुमचे शरणबसप्पा, यांचा शिक्का. माझं नाव ठळक टाइपात. एवढं ठळक ते दहावीच्या निकालातपण आलं नव्हतं. फोटो काढून स्टेटसला टाकला.

प्रकरण लिहून ठेवतो, नंतर माझ्याच डोक्यात घोळ नको. फायनलला समोर उत्तरेश्वरकाका. एसटीचे रिटायर कंडक्टर. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी, म्हणजे एका डोळ्यानं खेळत होते. काका जिंकले. मग चहाच्या हॉटेलात पोरं दात काढायला लागली, तेव्हा मी शांतपणे सांगितलं की काकांचं वय बघून मीच मॅच सोडली. वडीलधाऱ्या माणसाचा मान राखला. पण बोलणं काकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी थेट मंडळाकडं तक्रार केली. ज्याचा मान राखावा तोच तक्रार करतो, असा आपला तालुका.

मंडळानं रनरअपचा कुकर परत मागितलाय. आईनं त्यात डाळ लावली होती. म्हणाली, तीन शिट्ट्या होऊ दे, मग काय न्यायचं ते न्या.

४ डिसेंबर, सकाळी ६
कमबॅकचा प्लॅन. रोज पळणे. तंबाखूचा मावा बंद. फोकस.

४ डिसेंबर, दुपार
पळायला निघालो होतो. चौकात उसाचा ट्रॅक्टर फसला होता. तिथं उभं राहून बराच वेळ मार्गदर्शन केलं. ट्रॅक्टर निघाला न्हाय, पण घाम आला. पळण्यात धरायला हरकत नाही. ड्रायव्हरनं मावा पुढं केला, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

७ डिसेंबर
शब्बीरभाईंचा भाचा माज माझा दोस्त, त्याच्या मोबाइलच्या दुकानात बसून अभ्यास केला. परदेशात बॅन झालेले खेळाडू परत येतात का, हा विषय. येतात. कुणी शिक्षा पूर्ण करून, कुणी अपील करून, कुणी चूक कबूल करून. म्हणजे रस्ता आहे. मधे एका माणसानं विहिरीतून बिबट्या काढल्याचा व्हिडिओ लागला, त्यात दोन तास गेले.

माज म्हणाला, तुझं तर लई सोपं आहे. शब्बीरमामूला जाऊन सांग, मी खरंच हरलो होतो, उगं तोंडाला येईल ते बोललो. आजच्या आज बॅन उठतो.

असल्या माणसांना दोस्त म्हणून ठेवलं तर कुणाचं करिअर होणार? निघून आलो. चार्जर तिथंच राहिला.

१० डिसेंबर
बॅन लागल्यापासून एक फरक पडलाय. सलूनमधे मला नंबर नसताना मधे घेतलं. येरमाळ्याच्या एका पोरानं सेल्फी काढला. बसस्टँडवर दोघं हळूच म्हणाले, हाच त्यो फिक्सिंगवाला. मुंबईचा बुकी मला भेटायला काळ्या गाडीतून येतो, अशीपण बातमी आहे. मी हो म्हणालो नाही. नाहीपण म्हणालो नाही. नुसता लांब बघत राहिलो.

१२ डिसेंबर
अपीलचा अर्ज लिहिला. स्वतः मुरुमला जाऊन शरणबसप्पांच्या हातात देणार. थेट एसटी, कुठंच उतरायचं नाही.

१५ डिसेंबर
आज परत आलो. बसमधे माकणीचा एक माणूस शेजारी बसला. त्यानं धरणावरच्या माशांचं असं काही वर्णन केलं की उतरावंच लागलं. मग त्याच्या मेव्हण्याची मोटर पाण्यातून बाहेर काढायची होती. मग मेव्हण्याच्या घरी बारसं. मुरुम राहिलं. अर्जाच्या कागदात त्यांनी मला वाटेत खायला तळलेले मासे बांधून दिले. चांगली माणसं.

अपील तोंडीच करावं. जास्त परिणाम होतो.

१८ डिसेंबर
कळंबात २८ तारखेला ओपन टूर्नामेंट जाहीर! लातूर, बार्शी, सगळीकडची पोरं येणार. यात मी नसेन तर टूर्नामेंटला काय अर्थ? २८ च्या आत बॅन उठला पाहिजे.

संध्याकाळी उत्तरेश्वरकाका घरी आले. आता डाव्या डोळ्याला पट्टी. उजवा बरा झाला म्हणून दुसरा करून घेतला. आईनं चहा ठेवला तो घेतला नाही. म्हणाले, जन्मभर मी तिकिटं फाडली पोरा, पुढं सरका पुढं सरका म्हणत घसा बसला, कुणी कधी एक टाळी वाजवली न्हाय. फायनलचा कप टीव्हीवर ठेवला तर आमची मथुरा म्हणती, पोरानं टाकलेला उष्टा कप कशाला घरात आणला? आता फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय. एकदाच सांग. सोडली व्हती का न्हाय?

मी म्हणालो, काका, मी तर तुमचा मानच...

ते उठले. म्हणाले, मान घाल चुलीत. मला जिंकणं पायजे.

ते गेल्यावर त्यांचा चहा मीच प्यायलो, कडू लागला. आई साखर विसरली असणार.

२१ डिसेंबर, रविवार
हॉलवर बैठक. शरणबसप्पा स्वतः मुरुमहून आले. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. पिशवीतून शेंगाचटणी काढून सगळ्यांना दिली, मग मला समोर बसवलं. म्हणाले, हे बघ बा, दोनच गोष्टी हायत. मुद्दाम हरला असशील तर बंदी राहते. खरंच हरला असशील तर बंदी कशाची? बिनघोर खेळ. आता सांग.

मी तिसरी गोष्ट मांडली. हरलो मुद्दामच, पण बंदी उठवा. अप्पांनी चटणीची पिशवी गुंडाळून ठेवली. शब्बीरभाई म्हणाले, अप्पा, इसका भेजा माकणी के पानी में गिर्‍या.

मग अप्पांनी तोड काढली. उद्या काकांबरोबर पुन्हा एक फ्रेम, म्हणजे एक डाव, खेळायची, पूर्ण जोर लावून. जिंकलास तर गेल्या वेळी सोडली होतीस, बंदी कायम. हरलास तर निर्दोष.

म्हणजे जिंकलो तर खेळता येणार नाही आणि खेळायचं असेल तर हरायला पाहिजे. असला पेच कुठल्याच देशातल्या खेळाडूवर आला नसेल.

२२ डिसेंबर, सकाळ
ठरलं. जिंकायचं. टूर्नामेंट गेली खड्ड्यात. बॅन राहिला तरी चालेल, पण युवराज काय चीज आहे हे एकदा सगळ्यांना दिसू दे. काकांची मला कीव येते. सगळा हॉल भरणार आहे.

२२ डिसेंबर, संध्याकाळ
जोर लावला होता. सगळा लावला होता.

पहिल्याच शॉटला, ज्यानं मारायचं तो व्हाइट बॉलच पॉकेटमधे. दुसऱ्या वेळी व्हाइट टेबलाखाली, पोरं टॉर्च घेऊन शोधत होती. मग ब्लॅक अगदी पॉकेटच्या तोंडाशी, ओठावर आलेला घास. मी नेम धरला, श्वास रोखला, आणि व्हाइट त्या ब्लॅकला सोडून बाकी सगळ्या बॉलना लागला. काका एका डोळ्यानं बघत, पुढं सरका म्हणत, एकेक बॉल टाकत गेले. गेल्या वेळी डाव्या डोळ्यानं हरवलं होतं, आज उजव्यानं.

फ्रेम अर्ध्यात असतानाच अप्पांनी हात वर केला. म्हणाले, बास, अजून बघवत न्हाय. पोरगं निर्दोष हाय. मंडळाचं एकमत झालं. शब्बीरभाईंनी स्वतः दारावरचा कागद फाडला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, मियाँ, तुम तो एकदम बेकसूर निकले.

काकांनी तिथूनच मथुराकाकूंना फोन लावला. अगं, खरंच जिंकलो व्हतो, तवाबी अन् आताबी. कपाटातनं काढ त्यो. मग नुसते उभे राहिले, पट्टीच्या कडेनं डोळा पुसत. डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हणून सांगितलंय, असं कुणीतरी ओरडलं. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. चुकून मीपण वाजवल्या.

२८ डिसेंबर
टूर्नामेंट खेळलो. पहिल्या फेरीत बार्शीचा पोरगा. मॅच चालू असताना तो फोनवर कुणालातरी सांगत होता की जेवायला वाढून ठेव, आलोच. मला हरवून खरंच जेवायला गेला.

२९ डिसेंबर
सलूनमधे नंबर लावून बसलो. माझ्या मागून आलेल्या दोघांची कटिंग झाली. येरमाळ्याच्या पोराला विचारलं, तो सेल्फी आहे ना? म्हणाला, स्टोरेज फुल झालं होतं, उडवला. काळ्या गाडीचा विषय कुणीच काढत नाही. चहाच्या हॉटेलात मी म्हणालो की बार्शीवाल्याच्या घरी म्हातारी आजारी आहे असं कळलं, म्हणून मी ती मॅच मुद्दाम... पुढचं कुणी ऐकलं नाही. टीव्हीवर क्रिकेट लागलं होतं.

३० डिसेंबर, मंगळवार
हॉलवर गेलो. शब्बीरभाई टेबलावर ब्रश फिरवत होते. मी म्हणालो, भाई, परवाची मॅचपण मी मुद्दाम सोडलीय, कबूल करतो, बॅन घाला. भाई ब्रश फिरवत राहिले. मी म्हणालो, वर्षाचा नको, सहा महिन्यांचा चालेल. तेव्हा त्यांनी अप्पांना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि माझं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

अप्पा जेवत होते वाटतं. घास गिळून म्हणाले, बंदी खेळाडूवर घालतात की रे बा.

फोन कट झाला. मी भाईंना विचारलं, मग मी कोण?

भाई म्हणाले, कस्टमर. बैठो, दो नंबर का टेबल खाली हो रहा.

बसलो.