थोरलीची हद्द

ता. ४
नव्या संसारातली माझी पहिली तक्रार अत्यंत गंभीर असून ती मी यथाविधी नोंदवत आहे: दिवाणखान्यातल्या दिव्याचं बटण कपाटाच्या मागे आहे. फटीत हात खुपसून चाचपडावं लागतं. पलंग दाराला आडवा, जेवणाचं टेबल पॅसेजमध्ये. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, तू येणार म्हणून सगळं नव्यानं लावलं. पंचेचाळिशीत लग्न करणाऱ्या बाईनं एवढ्या कौतुकावर विरघळायलाच हवं. विरघळले. घर हवेशीर आहे आणि नवरा घोरत नाही. आणखी काय हवं?

थोरलीची, म्हणजे ह्यांच्या वारलेल्या पहिल्या बायकोची, एकच वस्तू जागची हललेली नाही: भिंतभर काचेची टाकी. आत आफ्रिकेतले सिक्लिड मासे. रंग वरातीला निघाल्यासारखे, वागणं भाऊबंदकीतलं. सगळ्यात दांडगा निळा. त्याचं नाव फौजदार.

ता. ९
ह्यांनी एक पिवळा मासा आणला. सोडण्याआधी बाह्या वर करून टाकीतले सगळे दगड हलवले. मासेवाल्याचा सल्ला म्हणे: जुन्याला आपली हद्द ओळखू आली नाही, की तो नव्याला मारत नाही. फौजदार थोडा वेळ बावचळला, मग त्यानं पिवळ्याची शेपटी कुरतडली. मला हसू फुटलं. सहज कपाटाकडे, पलंगाकडे नजर गेली, आणि ते आवरलं.

ता. १३
ओट्याशी उभी राहिले की पोटरीला चिमटा बसतो. खुर्चीत टेकले की पाठीत ढोसणं. गाऊनचा काठ कुरतडलेला. ह्यांना दाखवलं. जराही न दचकता म्हणाले, मला वाटलं होतं, अजून काही दिवस गोंधळेल.
कोण, ते मी विचारलं नाही.

ता. १६
पलंग पुन्हा फिरवला. व्यर्थ. पिवळा वरच्या कोपऱ्यात, नळीमागे, निपचित. मी बाथरूममध्ये, कपडे धुण्याच्या मशीनमागे. तिथं थोरली येत नाही. भाड्याची खोली सोडून आले, परतायला जागा नाही. आणि हद्दीसाठी भांडायचं त्राण तरी—

ता. १८
मासेवाल्याचा दुसरा उपाय: टाकीत गर्दी करा, मार वाटला जातो. हे पिशवीभर मासे घेऊन आले. जेवताना फार प्रेमानं म्हणाले, तुझी धाकटी बहीण एकटीच असते ना, तिला राहायलाच बोलाव की. तुलाही सोबत.
मी ताटावरून उठले—

ता. १९
ह्यांनी परस्पर फोन केला. धाकटी खुशीत. मला म्हणाली, येतेच, तुला लग्नात घालायला दिलेली माझी मोत्याची कानातलीही नेते. तुझ्या हातून कधी काही परत आलंय का, चिंगूस!
मी तिला नको नको ते बोलले. माझं सुख बघवत नाही तुला, म्हटलं. माझ्या दारात पाय ठेवू नकोस. रडली. बरं झालं. रडू दे—

ता. २०
बहीण येणार नाही, सांगितलं. हे उठले. मशीन ओढून बाहेर काढलं. म्हणतात, जागा बदलून बघू.

आता लपायला कोपरा—

कानातली पुसली. कापसात ठेवली. कुरिअरवाल्याच्या हाती दिली, चिठ्ठी नाही. देणं फिटलं, तिला यायला निमित्त उरलं नाही. थोरल्या बाई, मार वाटून घ्यायला दुसरं कुणी नाही. सगळं मलाच. फक्त तोंडावर नको, तेवढं—