पान एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस

ता. ९, मंगळवार, दुपार

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे देवाच्या दयेने सगळे आपापल्या पायांवर आहेत. तिकडेही तसंच असावं, असं रोज हात जोडताना मागते. कागद असा लांबट पाहून तू हसशील. पुस्तकांच्या कडा कापताना उरलेल्या पट्ट्या आहेत, चांगल्या जाड होत्या, टाकवेनात. पाकीटही एका जुन्या कव्हराचंच केलंय. सवय जात नाही.

आधी बातम्या सांगते. यांचा गुडघा धरलाय. दुकानाच्या पायऱ्या आता खेकड्यासारखे आडवे उतरतात, आणि कुणी बघतंय असं वाटलं की मध्येच थांबून भिंतीचा रंग तपासल्यासारखं करतात. आईंना उजेड आहे की अंधार, एवढंच आता कळतं. कान मात्र शाबूत. मी साखरेच्या डब्याचं झाकण काढलं तरी खुर्चीतून विचारतात, "किती घेतलीस?"

भाऊजी गेल्या महिन्यात येऊन गेले. बाकावर बसले, आईंचा हात हातात घेतला, पाणी प्यायले. मी विचारलं, "धाकटी कशी आहे?" म्हणाले, "बरी आहे." "तिचा खोकला?" "बरा आहे." "येईन म्हणते का कधी?" तर त्यालाही "बरं आहे!" सासूबाईंनी दोन मुलगे जन्माला घातले आणि बोलणं सगळं स्वतःकडेच ठेवून घेतलं, हे तूच म्हणायचीस ना.

नऊ वर्षांत तुला तीन पत्रं लिहिली. तिन्हींमध्ये तब्येती आणि हवापाणी. तुझी दोन उत्तरं आली, त्यांतही तेच. हे चौथं तसं होऊ नये म्हणून सकाळपासून कागद घेऊन बसलेय. मॅट्रिकलासुद्धा निबंधाचा प्रश्न मी शेवटी सोडवायची, आधी गणितं उरकून. आता गणितं उरकली.

गेल्या आठवड्यात वाचनालयाचा गठ्ठा बांधणीला आला. एकतीस पुस्तकं. आवक वहीत एकेक चढवताना चौदाव्या नंबरवर हात थांबला. तेच पुस्तक, धाकटे. दोन जावांचं.

पुठ्ठा कुजलाय, पाठ उसवलीय, कुणीतरी त्यावर पेला ठेवून गोल उठवलाय. मी पाठ सोडवली तर आत हिरवा दोरा. आठवतं ना? पांढरं रीळ संपलं होतं आणि तू नवं आणायला निघालीस, तर मी म्हटलं, आतलं कोण बघतंय, आहे तो हिरवा संपव. आणि तुझी ती गाठ, दोनदा फिरवून आत दाबलेली. "सुटली तर ताई माझ्या नावाने ओरडतील," असं म्हणून अशी काही आवळली होतीस की बोटाला वळ आला होता. गाठ सुटलेली नाही गं. कागद झिजला, ती नाही. मला ती कात्रीने कापवेना. मी तशीच पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिले. आई म्हणाल्या, "हात का थांबला तुझा?"

पुस्तक जसं अपुरं आलं होतं तेव्हा, तसंच आजही आहे. सोळा पानांचा आठवा फर्माच नाही. पान एकशे बाराच्या शेवटी धाकटी जाऊ बोचकं घेऊन दारात उभी, थोरली कमरेवर हात ठेवून बोलायला तोंड उघडते, आणि पुढचं छापील पान एकदम एकशे एकोणतीस! तिथे दोघींची घरं वेगळी, गावं वेगळी, आणि धाकटी अंगणात कसलंसं रोप लावतेय. मधे थोरली काय बोलली, तीच सोळा पानं गहाळ. त्या दिवशी मी वाचत होते, तू शिवत होतीस. आई तेव्हाच शिवणं सोडून नुसत्या ऐकायला बसायला लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग? पुढे?" मी म्हटलं, "पुढचं नाहीच आहे." तर रुसल्या. म्हणून तू सुई खोचून उठलीस, ओढणीचं बोचकं केलंस नि दारात जाऊन उभी राहिलीस. म्हणालीस, "बोला जाऊबाई, तोंड उघडून किती वेळ ठेवणार?"

एरवी तुझी मी ताई. जाऊबाई त्या खेळातच.

आणि मला कुठून सुचलं कोण जाणे, मी गरजले, "या घरात आता एक तर ही राहील, नाहीतर मी!"

तू मान झटकून म्हणालीस, "जाते मी, जाऊबाई. पण जाताना या घरातलं हसू घेऊन जाते!"

आई हसून हसून खोकायला लागल्या. तुझ्या बोचक्यातून खळीचा ब्रश पडला. त्यानंतर आपण ते किती वेळा केलं असेल! पीठ मळताना, कपडे पिळताना, पुठ्ठे वाळत घालताना. मी कमरेवर हात ठेवला की तू समजायचीस. हे खालून ओरडायचे, "वर काय चाललंय?" आणि आई वरून सांगायच्या, "भांडतायत रे दोघी, भांडू दे."

तू एकदा म्हणाली होतीस, "ताई, एवढी पुस्तकं आपल्या हातांखालून गेली, एवढे सिनेमे पाहिले, पण दोन जावा मैत्रिणी आहेत असं एकातही का नाही?" मी म्हटलं, "आपल्यासारख्यांना लिहायला वेळ कुठाय?" तेव्हा हसण्यावारी नेलं. पण खरंच बघ, सासू-सून शेवटी तरी गळ्यात पडतात, भाऊ भाऊ भेटतात, अगदी सवतीसुद्धा एकमेकींचं दुःख जाणतात. जावांना मात्र एकच काम, घर मोडायचं. एक सोशिक आणि एक कजाग. परवाच्या रविवारी आईंना टीव्हीवरचा सिनेमा सांगत होते. त्यातही थोरलीने धाकटीचं ताट भिरकावलं. आईंनी आवाजावरून ओळखलं. म्हणाल्या, "काचेचं होतं का गं? फुकट गेलं."

बाकी उद्या. दिवा लावायची वेळ झाली.

बुधवार

काल थांबले ते दिव्याच्या निमित्ताने. खरं म्हणजे पुढचं लिहायचं नव्हतं.

तू बांधलेल्या त्या पुस्तकात, गहाळ पानांच्या जागी आपण सोळा कोरी पानं घातली होती. ती आता कोरी नाहीत. वाचनालयात ज्याने ज्याने पुस्तक नेलं, त्याने पेन्सिलीने तिथे लिहिलंय. एकाने लिहिलंय, "थोरलीने हाकललं असणार." दुसऱ्याने खाली, "धाकटीही काही कमी नव्हती." तिसऱ्याने, "जावा जावा अशाच." एका पोराने मांजर काढलंय, तेवढंच काय ते चांगलं. सोळा पानांत कुणाच्या एकाच्याही मनात आलं नाही, की दोघी दारात उभ्या राहून हसल्या असतील.

मी खोडरबर घेऊन ते सगळं पुसायला बसले. खालून वर, तिसरं पुसलं. दुसरं पुसलं. "थोरलीने हाकललं" यावर हात चालेना. कारण ते खरं आहे.

तू गेलीस त्या दिवशीचं बोलतेय मी. दोघे भाऊ यंत्रावरून हमरीतुमरीवर आले होते. भाऊजींना शिलाईचं यंत्र आणायचं होतं. हे म्हणत होते, माझ्या दुकानात हातशिलाईच होईल, पटत नसेल त्याने वेगळा मार्ग धरावा. आवाज इतके चढले की समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून कान दिला. आई खुर्चीत हात चोळत बसलेल्या. तू दाराशी. भाऊजी तुला म्हणाले, "चल, सामान बांध." आणि तू माझ्याकडे पाहिलंस.

मी कमरेवर हात ठेवला.

नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आलेय, आणि देवालाही तेच सांगितलंय, की मी तुला हसवायला ते म्हटलं. तू तुझं वाक्य म्हणशील, आई हसतील, दोघे भाऊ चक्रावतील आणि सगळं निवळेल. असंच होतं ते, धाकटे. पण पूर्ण तसं नव्हतं.

त्या सकाळी मी आईंना वाचून दाखवायला बसले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे, धाकटीला येऊ दे. तिच्या वाचण्यात जीव असतो. तू यादी वाचल्यासारखं वाचतेस." तू तिथे नव्हतीस, तुला माहीतही नाही. बोलणं एवढंसं, पण दिवसभर सलत राहिलं. तू यायच्या आधी तेरा वर्षं मीच वाचत होते गं त्यांना. आणि तू आलीस आणि दोन वर्षांत आई तुझ्या, भाऊजी तर तुझेच, हेसुद्धा तुझ्या विनोदाला हसायचे, जे माझ्या जन्मात माझ्या विनोदाला हसले नाहीत. त्यामुळे "या घरात आता एक तर ही राहील, नाहीतर मी" म्हणताना हात खेळातला होता, पण आवाज खेळातला नव्हता. माझा मलाच तो ऐकू आला.

आणि तुला कळलं. तुझ्या वाचण्यात जीव असतो, तसा ऐकण्यातही असतो.

तू म्हणालीस, "जाते मी, जाऊबाई."

एवढंच. पुढचं अर्धं वाक्य म्हणालीच नाहीस. मी कमरेवर हात ठेवून त्या अर्ध्या वाक्याची वाट बघत उभी, आणि तू पायऱ्या उतरून गेलीस. कधी वाटतं, जाऊबाई म्हणालीस म्हणजे तूही खेळातच होतीस, मी दोन पायऱ्या उतरून खाली आले असते तर पुढचं म्हणाली असतीस. कधी वाटतं, खरोखरीची जाऊबाई मी तेव्हाच झाले. उतरले नाही, हे मात्र नक्की.

न म्हटलेलं अर्धं वाक्य जसंच्या तसं खरं झालं. या घरात आता कुणी मोठ्याने हसत नाही. यंत्र तर दोन वर्षांतच आणलं यांनी, खाली धडधडतंय. ज्यावरून भांडलो ते दुकानात आलं आणि तू मात्र नाहीस. चांगली नाजूक पुस्तकं अजून वर येतात, ती मी एकटी शिवते.

आज सकाळी आईंना ते पुस्तक पुन्हा वाचून दाखवलं. यादी वाचल्यासारखंच वाचलं असेन. त्यांच्या लक्षात नव्हतं असं मला वाटलं. एकशे बारावं पान संपलं, मी थांबले. म्हणाल्या, "पुढे?" मी म्हटलं, "आई, पुढची पानं नाहीत. गेल्या वेळीही नव्हती."

त्यांनी पानाची कड बोटांनी चाचपली. मग म्हणाल्या, "म्हणजे धाकटी अजून दारातच उभी आहे?"

मी पुस्तक मिटलं.

"किती वेळ उभी करतेस गं तिला," म्हणाल्या. "आत घे."

म्हणून हे पत्र. माफी माग, असं मला कुणी सांगितलेलं नाही. आपल्या आपण मागतेय. सिनेमात थोरली धाकटीच्या पायाशी बसून रडते तसं मला जमणार नाही, आणि तू तरी तेव्हा हसशीलच. पण त्या दिवशीचा आवाज माझा होता आणि त्याबद्दल मला फार वाईट वाटतं, एवढं यादी वाचल्यासारखं सरळ सांगते.

पुस्तक महिनाअखेर वाचनालयाला परत द्यायचंय. बाकी सगळे फर्मे शिवून ठेवलेत. आठव्याच्या जागी पुन्हा सोळा कोरी पानं घेतलीत, पण ती शिवलेली नाहीत. तुझी गाठ कापली नाही, तिच्यापासूनच पुढे शिवायचं आहे आणि ती आवळण्याचं बळ माझ्या बोटांत नाही. भाऊजींबरोबर ये, नाहीतर एकटी ये. आईंची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवते. तू दारात आलीस की मी कमरेवर हात ठेवीन, पण बोलणार काही नाही. माझं बोलून झालंय. तुझं अर्धं राहिलंय, ते इथे येऊन म्हण, आणि मग नेलेलं परत ठेव.

हिरव्या दोऱ्याचं नवं रीळ आणलंय. हो, नवं.

आठवा फर्मा उघडा ठेवून बसलेली,
तुझी ताई