टीराच्या इतिवृत्तावरचे शेरे

सोमवार, ३ फेब्रुवारी

विद्यापीठाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली एकदाची! सकाळी सगळ्यांचे संगणक आपोआप बंद होऊन चालू झाले आणि विभागात नुसती बोंबाबोंब. मी या मजल्याची मार्गदर्शक. छातीवर पिवळा बिल्ला!

ओर्यान खनिजं शिकवतो आणि बटणांना घाबरतो. दारातूनच ओरडला, "गुन्नेल, माझं सेव्हचं बटण कुठे पळवलंस?"

"अरे, आता सेव्ह करायचंच नाही. लिहिलंस की आपलं आपण सेव्ह होतं. आणि फाइल सगळ्यांची असेल तर तू लिहितोस ते सगळ्यांना तिथल्या तिथे दिसतं. तेव्हा जपून!"

दिवसभर प्रत्येक खोलीत हेच सांगत फिरले. विभागप्रमुख याल्मार म्हणाला, "तू नसतीस तर आम्ही बुडालो असतो." मी अशी फुगले म्हणता!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

तेच तेच सांगून घसा बसला. पण मजा येतेय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

लिहायला हात धजत नाही. लिहिते.

टीराने विभागाच्या बैठकीचं इतिवृत्त सगळ्यांना पाठवलं. टीरा म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतली. बैठकीत तोंडातून शब्द काढत नाही, आणि इतिवृत्त मात्र कादंबरीएवढं. कोण खोकलं, बाहेर बर्फ कसा पडत होता, 'याल्मारने खिडकीबाहेर बघत बघत खर्च मंजूर केला.' ते तपासायचं काम माझं, कित्येक वर्षांपासून.

माझी एक खोड आहे. चुका दुरुस्त करून झाल्या, सेव्ह केलं, की मग समासात मनातलं लिहायचं. खवचट, नुसतं स्वतःसाठी. एकटीने हसायचं आणि फाइल बंद करायची. संगणक विचारायचा, बदल सेव्ह करू का? 'नको.' झालं! माझं मन मोकळं, कुणाला इजा नाही.

आजही तेच केलं. 'बर्फाला मत द्यायचा अधिकार होता का?' 'टीराबाई, पूर्णविरामाला पैसे पडत नाहीत.' आणि शेवटी – लिहूनच टाकते – 'सिक्स्टेन गेला, घरी ऐकायला कुणी उरलं नाही, म्हणून आता आमच्या डोक्यावर ओततेस.'

सिक्स्टेन तिचा नवरा. मागच्या ऑक्टोबरात गेला. मी काळे कपडे घालून चर्चमध्ये तिच्या मागच्याच बाकावर बसले होते.

फाइल बंद केली. संगणकाने काही विचारलंच नाही. मी कॉफी आणायला उठले आणि दारातच आठवलं: आता लिहिलं की आपलं आपण सेव्ह होतं, आणि ही फाइल सगळ्यांची.

धावत परत येऊन सगळं पुसलं. उपयोग काय? बाहेर ओर्यान कुणाला तरी "बर्फाला मत!" म्हणत खिदळत होता. मला पाहताच बुटांकडे बघायला लागला. म्हणजे पुढचंही वाचलं होतं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! बिल्ला काढून खणात टाकला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दहाच्या कॉफीला गेले नाही. इथे कॉफीला न जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे काय मला माहीत नाही? पण गेले असते तर टीरासमोर बसावं लागलं असतं.

याल्मार दारात आला. "बरी आहेस ना?"

"काम आहे जरा."

त्याने 'हो' म्हणून नुसता श्वास आत ओढला, आम्हा उत्तरेकडच्यांसारखा, आणि गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. कुणीच काही बोलत नाही! सगळे इतके सभ्य की मेल्याहून मेल्यासारखं होतं. भिंतीपलीकडे टीराची खुर्ची सरकली तरी मी टाइप करायची थांबते.

रविवार, ९ फेब्रुवारी

क्रीमचे पाव आणले, दोन. सवयीने. दुसरा तसाच पडलाय.

दोन दिवसांत कुणाशी एक शब्द बोलले नाही. घरी ऐकायला कुणी नाही म्हणे! कुणाबद्दल लिहिलं होतं मी ते?

सोमवार, १० फेब्रुवारी

गेले तिच्या खोलीत. ती खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती.

"टीरा, मी ते जे लिहिलं... मला फार लाज वाटते गं. माफ कर."

तिने पाणी घालणं थांबवलं नाही. तसाच 'हो'चा श्वास आत ओढला. पुढच्या कुंडीकडे वळत म्हणाली, "सिक्स्टेनचं नको होतं."

एवढंच. मी निघून आले.

गुरुवार, ६ मार्च

टीराचं नवं इतिवृत्त आलं. अर्धं पान! निर्णय, जबाबदारी, तारीख. बस्स.

कॉफीला सगळे खूश. "वा टीरा, काय सुटसुटीत!" याल्मार म्हणाला. "नव्या आवृत्तीने शिस्त लावली म्हणायची." टीरा आपल्या पावावर चीज कापत राहिली. मी मान वर केली नाही. त्या बैठकीत धो धो बर्फ पडत होता, ओर्यान चक्क घोरला होता. त्यातलं एक अक्षर नाही. शिस्त कुणी लावली ते टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

शुक्रवार, ७ मार्च

राहवेना. विचारलंच, "अगं, पूर्वीसारखं का लिहीत नाहीस?"

"कुणासाठी? शेवटपर्यंत वाचणारी तू एकटीच होतीस."

"तुला काय माहीत?"

"गुन्नेल, तू 'नको' म्हटलंस तरी जुनी आवृत्ती तुझ्या शेऱ्यांसकट एक प्रत आपल्या सगळ्यांच्या फोल्डरमध्ये टाकून ठेवायची. तो फोल्डर मीच साफ करायचे. सगळे वाचलेत मी. घरी जाऊन सिक्स्टेनला वाचून दाखवायचे, पोट धरधरून हसायचा. हॉस्पिटलमध्येसुद्धा विचारायचा, या महिन्यात काय म्हणाली गुन्नेल?"