खाडीपलीकडचा बंगला

बाबा, तुमच्या त्या बंगल्यात मी दोन दिवस राहून आले. पाहुणी म्हणून, पुढच्या दारानं, आईला घेऊन. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी हे तुम्हाला कळावं असं मला फार वाटतंय. कळून झोंबावं, असंही.

बंगल्याचं आता गेस्टहाउस झालंय. तुम्ही ज्यांची कारकुनी केलीत, त्या शेठची नातवंडं परदेशात असतात, बाग मात्र चांगली राखलीय. चिकूची रांग आहे, कारंजं आहे, हिरवळीच्या कडेनं पांढरा चाफा आहे. आम्हाला वरची, समुद्राकडची खोली मिळाली. शेठाणीबाई दुपारच्या आडव्या व्हायच्या म्हणून तुम्ही सांगायचात, तीच. पलंग इतका उंच की आईला चढायला स्टूल मागवावं लागलं. मी मुद्दाम सारखी बेल दाबत होते. चहा आणा, उशी बदला, पडदे ओढा. आई म्हणाली, अगं, त्यांना किती पळवशील? मी म्हटलं, तू गप्प बस, नुसती मजा बघ. जेवायला मी कोळंबी मागवली. आईनं हात लावला नाही.

तो रविवार तुम्ही विसरला असाल. मी दहा वर्षांची आहे. शेठकडे पाहुणे आलेत म्हणून तुम्ही शनिवारपासून बंगल्यावर आहात, आणि चष्मा बोरिवलीला घरीच राहिलाय. चष्म्यावाचून तुमचं अडेल म्हणून आई मला घेऊन लाँचनं खाडी ओलांडते, ठेवणीतली जांभळी साडी नेसून. तुम्ही पायऱ्यांवर पाहुण्यांबरोबर उभे आहात. शेठाणीबाई विचारतात, या कोण? तुम्ही आमच्याकडे न बघता सांगता, "स्वयंपाकघरात बाई हवी होती ना, तीच." आणि हातानं मागची वाट दाखवता. मला वाटलं, आता आई बोलेल. ती मुकाट्यानं मागच्या दारानं आत गेली आणि तीन वाजेपर्यंत कोळंबी सोलत बसली. मी बाहेर ओट्यावर बसून राहिले. तुम्ही एकदाही तिकडे फिरकला नाहीत. सोमवारी घरी आलात तेव्हा तिनं चष्मा तुमच्या ताटाशेजारी ठेवला. तुम्ही म्हणालात, तिथं माझा एक मान आहे, असं न सांगता येऊन उभं राहायचं नाही. एवढंच. पुढे चोवीस वर्षं तुम्ही तिच्या हातचं जेवलात, आणि त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाहीत.

निघायच्या दिवशी आई तिथल्या मॅनेजरबाईंशी बोलता बोलता म्हणून गेली की ती पूर्वी एकदा इथं आली होती. त्या खूश झाल्या. दिवाणखान्यातल्या जुन्या फोटोंखाली त्यांना नावं लिहायची होती. एका फोटोपाशी त्यांनी आम्हाला नेलं. शेठ, शेठाणीबाई, मुलं, आणि मागे छातीशी फाइल धरून तुम्ही. बाकी सगळ्यांची नावं लागली होती. "यांचं नाव कुणालाच सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही ओळखता का?" आईनं तोंड उघडलं. मी तिचा दंड धरला आणि म्हणाले, "नाही. कुणीतरी नोकर असेल." त्यांनी पेन्सिलीनं तसं लिहून घेतलं. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो तुम्हाला दाखवायला तुम्ही हवे होतात.

परतताना लाँचवर आई माझ्याशेजारी बसली नाही. बोरिवलीच्या धक्क्यावर उतरून रिक्षात बसल्यावर म्हणाली, "नवरा माझा होता. सांगायचं की नाही, ते मला विचारायचं होतंस." ती आता माझ्याशी जेवणापुरतं बोलते. भाजी वाढू का, भात लावू का. मी अजून तिची माफी मागितलेली नाही, आणि फोटोखालचं नावही बदलायला सांगितलेलं नाही. ते मी सांगणारही नाही.

हा कागद टाकायला पत्ता नाही, ते बरंच आहे, कारण एक गोष्ट मी वर लिहिली नाही. आईला त्या बंगल्यात जायचंच नव्हतं. तिला मुलुंडला मावशीकडे जायचं होतं. दोनदा म्हणाली होती.